अडलेली अक्षरं, अडलेली नाती

१९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने मानसिक विकारांच्या आपल्या नियमपुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली. 'डीएसएम-३' म्हणून ती जगभर ओळखली जाते. रुग्णाची नोंद पाच निरनिराळ्या अक्षांवर करायची, अशी तिची पद्धत होती. नैराश्य, स्किझोफ्रेनिया यांसारखे ठळक आजार पहिल्या अक्षावर. दुसऱ्या अक्षावर दोन गोष्टी शेजारी शेजारी: मोठ्या माणसांचे व्यक्तिमत्त्व विकार, आणि लहान मुलांच्या वाचनातल्या, गणितातल्या, भाषेतल्या विकासात्मक अडचणी.

आज हे वाचून नवल वाटतं. एका मुलाला धडा वाचता येत नाही आणि एका माणसाचं कुणाशीच पटत नाही, यांचा एकमेकांशी काय संबंध? पण त्या मांडणीमागे विचार होता. या दोन्ही गोष्टी अचानक सुरू होत नाहीत आणि आठ दिवसांत उतरतही नाहीत. त्या वर्षानुवर्षं माणसाबरोबर असतात, इतक्या की त्या वेगळ्या दिसतच नाहीत. एखादा मोठा आजार समोर असला की डॉक्टरचं त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. तसं होऊ नये म्हणून त्यांना स्वतंत्र अक्ष दिला गेला. पुढे १९९४च्या चौथ्या आवृत्तीत मुलांच्या या अडचणी, म्हणजे अध्ययन अक्षमता, तिथून हलवल्या गेल्या, आणि २०१३च्या पाचव्या आवृत्तीत अक्षांची पद्धतच बंद झाली.

डॉक्टरांच्या कागदावर दोन्ही वेगळ्या झाल्या. घरात, शाळेत, नातेवाइकांच्या बोलण्यात मात्र दोन्हींचं खापर अजून एकाच गोष्टीवर फुटतं, ते म्हणजे स्वभाव. मुलगा वाचत नाही, कारण तो आळशी. भाऊ सगळ्यांशी भांडतो, कारण तो मुळातच तसा. आणि स्वभावाला औषध नाही, असं म्हटलं की पुढचा विचारच थांबतो. या दोन अवस्थांमधला फरक समजून घेणं मला याचसाठी गरजेचं वाटतं. पहिलीत स्वभावाचा काही संबंधच नसतो. दुसरीत तो असतो, पण म्हणून तिच्यावर उपाय नाही, हे खरं नाही.

अध्ययन अक्षमतेपासून सुरुवात करू. ७ नोव्हेंबर १८९६च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी एका मुलाची हकिकत लिहिली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्ड गावातला हा चौदा वर्षांचा मुलगा, पर्सी. हुशार, चुणचुणीत, खेळात कुणापेक्षा कमी नाही. सातव्या वर्षापासून शाळा आणि शिकवण्या चालू होत्या, तरी त्याला लहानसहान शब्दांपलीकडे काही वाचता येत नव्हतं. स्वतःचं नाव लिहितानाही त्यातली अक्षरं उलटसुलट व्हायची आणि ते त्याच्या लक्षातही येत नसे. हाच मुलगा ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार झटकन आणि बरोबर करत होता. त्याच्या शिक्षकांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

पर्सीच्या हकिकतीत अध्ययन अक्षमतेची सगळी मुख्य लक्षणं आहेत. बुद्धी चांगली आहे, डोळे आणि कान ठीक आहेत, शिकवायला माणसं आहेत, मुलाची इच्छाही आहे, आणि तरीही एखादंच कौशल्य अडून बसलं आहे. बाकीचा मुलगा शाबूत असतो. वाचन अडलं तर डिस्लेक्सिया, लेखन अडलं तर डिसग्राफिया, आकडे अडले तर डिसकॅल्क्युलिया. एकाच मुलात यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असणंही नेहमीचं आहे. 'लर्निंग डिसेबिलिटी' हे नाव १९६३ साली शिकागोमध्ये पालकांच्या एका परिषदेत सॅम्युअल कर्क या शिक्षणतज्ज्ञांनी पुढे आणलं. आपल्या मुलांना मतिमंद म्हणू नका, कारण ती मतिमंद नाहीत, हे त्या पालकांना जगाला सांगायचं होतं. ब्रिटनमध्ये मात्र हाच शब्द बौद्धिक अक्षमतेसाठी वापरतात. तिथली माहिती वाचणाऱ्या पालकांनी एवढं लक्षात ठेवलेलं बरं, नाहीतर विनाकारण धास्ती बसते.

वाचन अडतं कुठे? बोलणं मूल ऐकून ऐकून शिकतं, त्यासाठी मेंदूची तयारी जन्मापासूनच असते. वाचनाचं तसं नाही. माणूस लिहायला लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली. प्रत्येक मुलाच्या मेंदूला दृष्टीचे आणि भाषेचे भाग जोडून वाचनाची वाट नव्याने तयार करावी लागते. त्यासाठी आधी ऐकलेल्या शब्दातले ध्वनी सुटे करता यावे लागतात. 'कमळ'मधला क काढला तर काय उरतं, हा खेळ बहुतेक मुलं हसत खेळतात. डिस्लेक्सिया असलेलं मूल नेमकं इथे अडखळतं. वाचताना डाव्या मेंदूच्या मागच्या बाजूचे जे भाग जागे व्हायला हवेत, ते त्याच्या बाबतीत कमी काम करतात. २००१ साली इंग्रजी, फ्रेंच आणि इटालियन वाचणाऱ्या प्रौढांच्या मेंदूंची तुलना झाली, तेव्हा डिस्लेक्सिया असलेल्या तिन्ही भाषकांत कमतरता एकाच भागात दिसली. इटालियनमध्ये जसं लिहिलं तसं वाचायचं असल्यामुळे तिथल्या लोकांच्या चुका कमी होत्या, इतकंच.

मराठी घरांसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आपली लिपीही उच्चाराला बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. त्यामुळे मराठी माध्यमातलं डिस्लेक्सिया असलेलं मूल कधी कधी बरोबर वाचतं, पण फार हळू, एकेक अक्षर लावत, आणि ओळ संपेपर्यंत सुरुवातीचं विसरून जातं. शिक्षकांना वाटतं, येतंय की, सराव नाही एवढंच. तशात देवनागरीचे स्वतःचे पेच आहेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. एकच र 'सूर्य'मध्ये डोक्यावर चढतो, 'चक्र'मध्ये पोटात शिरतो, 'राष्ट्र'मध्ये पायाशी बसतो आणि 'सुऱ्या'मध्ये आणखी निराळाच होतो. जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार हे सगळं सांभाळताना या मुलांची वही लाल शेऱ्यांनी भरते. हेच मूल इंग्रजी शाळेत गेलं, जिथे एकच अक्षर दहा तऱ्हांनी वाचायचं असतं, तर त्याची अडचण पटकन उघडी पडते. म्हणून चाचणी मुलाच्या भाषेत व्हायला हवी. हरियाणात मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा चाचणीसंच तयार केला, त्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत देशात लवकर पाऊल उचललं. १९९६पासून राज्य सरकारने या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातलं अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक मुंबईतल्या हजारो पालकांच्या ओळखीचं आहे. जादा वेळ, लेखनिक, गणितात कॅल्क्युलेटर अशा या सवलती. २००७ साली 'तारे जमीन पर' आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत गेला. तरीही १९९५च्या अपंग व्यक्तींसाठीच्या केंद्रीय कायद्यात या मुलांचा उल्लेख नव्हता. तो आला २०१६च्या कायद्यात, एकवीस अपंगत्वांच्या यादीत. २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रमाणपत्रासाठी किमान वय आठ ठेवलं आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी सांगितली. आठ का, तर त्याआधी सगळीच मुलं अक्षरं उलटी काढतात, गाळतात, मिसळतात. बालवाडीतल्या मुलाचा ३ उलटा आला म्हणून घाबरून जाण्याचं काही कारण नाही.

यावर गोळी नाही. उपाय म्हणजे शिकवण्याची वेगळी पद्धत: ध्वनी आणि अक्षर यांचं नातं पायरीपायरीने, पाहून, ऐकून, बोलून, बोटाने गिरवून पक्कं करायचं. सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या पद्धतीचा पाया घातला. अक्षमता पूर्ण जात नाही, पण वाचन सुधारतं, आणि आपण 'ढ' नाही हे मुलाला कळतं. हे दुसरं मला पहिल्याइतकंच मोलाचं वाटतं.

आता व्यक्तिमत्त्व विकार. इथे एखादं कौशल्य अडलेलं नसतं. माणूस पदवीधर असेल, उत्तम नोकरीत असेल, पुस्तकावर पुस्तकं वाचत असेल. अडचण असते ती स्वतःकडे, दुसऱ्याकडे आणि घडणाऱ्या गोष्टींकडे पाहण्याच्या त्याच्या कायमच्या ढंगात. त्याचे विचार, त्याच्या भावनांचे चढउतार, त्याची नाती, आवेगावरचा ताबा यांपैकी निदान दोन बाबतींत तो ढंग त्याच्या समाजातल्या रीतीपेक्षा फार वेगळा असतो, परिस्थिती बदलली तरी वाकत नाही, उमलत्या वयापासून चालत आलेला असतो आणि कुणाचं तरी जगणं कठीण करतो. कुर्ट श्नायडर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञांनी १९२३ सालच्या पुस्तकात अशा व्यक्तींची खूण सांगितली होती: आपल्या वेगळेपणामुळे ज्या स्वतः सोसतात किंवा ज्यांच्यामुळे समाज सोसतो, त्या या व्यक्ती. शंभर वर्षांनंतरही ती खूण उपयोगी पडते, कारण नुसता विक्षिप्त, तुसडा किंवा एकलकोंडा माणूस तिच्यातून आपोआप वगळला जातो.

डीएसएममध्ये असे दहा प्रकार आहेत. त्या सगळ्यांची यादी देण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण प्रत्यक्षात माणसं त्या चौकटींत नीट बसत नाहीत. एकाच व्यक्तीला दोन-तीन चौकटी लागू पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणाने म्हणूनच हे जुने प्रकार काढून टाकले. आता आधी विकार सौम्य, मध्यम की तीव्र ते ठरवायचं आणि मग त्या माणसात कोणते कल ठळक आहेत ते नोंदवायचं. फक्त 'बॉर्डरलाइन' हे एक नाव जोडनोंद म्हणून शिल्लक ठेवलं आहे.

त्या बॉर्डरलाइनबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण मदत मागायला येणाऱ्यांत ही माणसं बरीच असतात आणि त्यांच्या वाट्याला सहानुभूती फार कमी येते. कुणी आपल्याला सोडून जाईल ही भीती यांच्या मनात सदैव जागी असते. फोन उचलला गेला नाही, एवढ्यावरून सगळं संपल्यासारखं वाटतं. सकाळी जी मैत्रीण देवासारखी वाटते, तीच संध्याकाळी वैरीण होते. मी कोण, मला काय हवं, याचं उत्तर दर महिन्याला बदलतं. आत एक पोकळी असते आणि ती असह्य झाली की हातावर ब्लेड ओढलं जातं. आत्महत्येचा धोका खरा असतो. अशा मुलीला 'नाटकं करते' म्हणणारे नातेवाईक असतात, आणि खेदाची गोष्ट म्हणजे असं म्हणणारे डॉक्टरही असतात. हे वाक्य त्या व्यक्तीला जितकं घायाळ करतं, तितकं कदाचित दुसरं कुठलंच करत नसेल.

दोन्हींमधला फरक ओळखायचा कसा? माझ्या मते सर्वांत कामाचा प्रश्न हा: अडचण कुठे कुठे दिसते? अध्ययन अक्षमता वही-पुस्तकाभोवती दिसते. डबा खाताना, क्रिकेट खेळताना, आजीला फोनवर गोष्ट सांगताना ते मूल अगदी मोकळं असतं, आणि मोठ्याने वाच म्हटलं की पोटात दुखायला लागतं. व्यक्तिमत्त्व विकार माणसाबरोबर सगळीकडे जातो: घरात, कचेरीत, मैत्रीत, लग्नात. माणसं बदलतात, तरी भांडण तेच राहतं.

दुसरा प्रश्न वयाचा. अध्ययन अक्षमता शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच डोकं वर काढते, मग ती कुणी ओळखो वा न ओळखो. व्यक्तिमत्त्वाची घडण मात्र किशोरवयात चालूच असते, म्हणून व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान अठरा वर्षांआधी करायचं शक्यतो टाळतात. डीएसएमप्रमाणे समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचं निदान तर त्याआधी करताच येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला कुणी 'सायकोपॅथ' म्हटलं, तर तो शब्द लगेच परत घ्यायला लावावा.

तिसरी गोष्ट जाणिवेची. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला आपलं काहीतरी चुकतंय हे लख्ख कळत असतं. ते लपवण्यात त्याची निम्मी ताकद जाते: आजारपणाच्या सबबी, हरवलेली वही, वर्गात केलेला विदूषकपणा. व्यक्तिमत्त्व विकारात पुष्कळदा उलट असतं. संशयी व्यक्तिमत्त्वाच्या माणसाला आपण संशयी आहोत असं वाटतच नाही, लोकच फसवे आहेत असं वाटतं. अतिकाटेकोर व्यक्तिमत्त्वाचा माणूस आपल्या काटेकोरपणाचा अभिमान बाळगतो, आणि इथेच तो मंत्रचळ झालेल्या माणसापेक्षा वेगळा ठरतो, कारण मंत्रचळाने हात धुणाऱ्याला आपलं धुणं नकोसं झालेलं असतं. बॉर्डरलाइन व्यक्ती मात्र या नियमाला अपवाद. तिला आपलं दुःख कळतं, त्यातून सुटण्याची वाट कळत नाही.

एवढं सगळं वेगळं असताना गोंधळ का होतो? कारण न ओळखलेली अध्ययन अक्षमता काही वर्षांत वागण्यात उतरते. दुसरीत अडखळणारा मुलगा चौथीपर्यंत मार खातो, सहावीत वर्गाबाहेर उभा असतो, आठवीत शाळा बुडवतो, नववीत मारामारी करतो. या टप्प्यावर त्याला पाहणाऱ्याला फक्त उद्धटपणा दिसतो. त्याच्याबरोबर एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) असेल, आणि ती बऱ्याचदा असते, तर आवेगीपणाही दिसतो. वाया गेलेला मुलगा, असा शिक्का मारायला सगळे तयार असतात. म्हणून वागणुकीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाला आधी एक उतारा वाचायला द्यावा, एक उतारा लिहायला द्यावा. हे साधं काम शाळेतही होऊ शकतं. उलट बाजूने, दोन्ही गोष्टी एकाच प्रौढ व्यक्तीत असूही शकतात. वर्षानुवर्षांच्या अपमानाने आत्मविश्वास आणि माणसांवरचा विश्वास, दोन्ही पोखरले जातात. पण अध्ययन अक्षमतेतून व्यक्तिमत्त्व विकार होतोच, असं मुळीच नाही. ज्या मुलाच्या घरी एक तरी माणूस त्याच्या बाजूने उभं राहतं, ते मूल बहुधा सावरतं.

आपल्या कायद्यातही या गोष्टी जवळजवळ येऊन बसल्या आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात १९७६च्या दुरुस्तीने मानसिक विकाराची जी व्याख्या घातली, तिच्यात मानसिक आजाराबरोबर मनाचा खुंटलेला विकास आणि 'सायकोपॅथिक डिसऑर्डर' या दोन्हींचा समावेश आहे. हे शब्द ब्रिटनच्या १९५९च्या मानसिक आरोग्य कायद्यातून आलेले. त्यातला खुंटलेला विकास म्हणजे बौद्धिक अक्षमता. डिस्लेक्सियाचा तिच्याशी संबंध नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण मुलाचं प्रमाणपत्र पुढे त्याच्या लग्नाच्या आड येईल या भीतीने आईवडील तपासणीच टाळतात, आणि त्यात मुलाची दहावीपर्यंतची सगळी वर्षं फुकट जातात. दुसऱ्या बाजूला, हल्ली मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून नवऱ्याला, बायकोला, सासूला 'नार्सिसिस्ट' ठरवण्याची लाट आहे. जोडीदाराचा छळ होत असेल तर तो छळ आहे, त्याला निदानाची गरज नाही. आणि निदान करायचं असेल, तर त्या माणसाला भेटून, त्याचा आयुष्यपट ऐकून, शक्य तर घरच्यांशीही बोलून, अनेक बैठकांनंतरच ते करता येतं.

उपायांकडे वळलं की दोन्ही वाटा मला पुन्हा थोड्या जवळ आलेल्या दिसतात. व्यक्तिमत्त्व विकारासाठीही थेट गोळी नाही. सोबतच्या नैराश्यासाठी, झोपेसाठी औषधं देतात, मुख्य उपचार बोलण्यातून होतो. मार्शा लिनेहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बॉर्डरलाइन व्यक्तींसाठी 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी' उभी केली. १९९१ साली तिच्या परिणामांचा पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, १९९३ साली तिचं पुस्तक आलं. लिनेहान यांचं म्हणणं असं की काही माणसं जन्मतःच भावनेने हळवी असतात, आणि त्यांच्या भावनेला सतत 'उगाच काय रडतेस' म्हणत खोटं पाडणारं घर मिळालं की ती सावरायला शिकतच नाहीत. मग ते आता शिकवायचं. संतापाची लाट आली तर पहिली दहा मिनिटं काय करायचं, मागणी कशी मांडायची, नकार कसा पचवायचा, मन वर्तमानात कसं ठेवायचं, याचे रीतसर वर्ग, गृहपाठासकट. २०११ साली लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितलं की १९६१मध्ये, सतराव्या वर्षी, त्या स्वतः कनेक्टिकटमधल्या एका मनोरुग्णालयात दाखल होत्या आणि स्वतःला इजा करून घेत होत्या. हे त्यांनी त्याच रुग्णालयात जाऊन सांगितलं.

आणि या माणसांचं पुढे काय होतं? बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी १९९२पासून अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानाच्या पातळीखाली राहिली. नोकरी, शिक्षण आणि एखादं तरी भक्कम नातं यांसह पूर्ण सावरलेले मात्र सुमारे निम्मेच. म्हणजे वादळ शमतं, पण जगणं पुन्हा उभं करायला जास्त मदत लागते. ही आकडेवारी निदान झालेल्या प्रत्येक घराला पहिल्याच दिवशी सांगायला हवी असं मला वाटतं, कारण बहुतेक घरं हे निदान जन्मठेप समजून ऐकतात.

कुठे जायचं, याचं उत्तर दोन्हींसाठी वेगळं आहे. मुलाच्या अभ्यासाची शंका असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, मग बालरोगतज्ज्ञ आणि मुलांच्या चाचण्या करणारे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गाठावेत, जाताना मागच्या दोन-तीन वर्षांच्या वह्या बरोबर न्याव्यात. गुणपत्रिकेपेक्षा वह्या जास्त बोलतात. प्रौढ व्यक्तीच्या नात्यांची, आवेगाची, स्वतःला इजा करण्याची अडचण असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. ती व्यक्ती यायला तयार नसेल तर घरातल्या एकाने आधी स्वतः जाऊन बोलावं, तेवढ्यानेही सुरुवात होते. जवळपास कुणी नसेल, किंवा रात्री-अपरात्री धीर सुटत असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.